तुम्ही विचारलंत म्हणून: आकडा का सांगत नाही?

लॅबच्या दारात, फोनवर, एकदा तर लिफ्टमध्ये. प्रश्न तोच. "आधी केमो झाली, मग ऑपरेशन झालं, रिपोर्ट तुम्हीच दिलात. आता कॅन्सर परत येण्याची शक्यता किती, तेही सांगून टाका ना, मॅडम." ऑन्कॉलॉजिस्टना विचारा म्हटलं, की समोरच्याच्या मनात काय येतं ते मला दिसतं: ही लपवतेय, नाहीतर हिला कळत नाही. दोन्ही थोडं थोडं खरं आहे, म्हणून एकदाच लिहिते.

मी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासणारी डॉक्टर. केमोने गाठीचं काय केलं, हे ऑपरेशननंतर माझ्या टेबलावर कळतं. स्तनात आक्रमक कॅन्सरची एकही पेशी उरली नसेल आणि काखेतल्या लसिका ग्रंथीही स्वच्छ असतील, तर आम्ही 'पूर्ण प्रतिसाद', म्हणजे पीसीआर, लिहितो. (कोविडनंतर हा शब्द उच्चारायची सोय राहिली नाही. लोक विचारायचे, "निगेटिव्ह ना?")

पूर्ण प्रतिसाद चांगलाच, त्यात वाद नाही. २०१४ साली १२ चाचण्यांमधल्या जवळपास १२ हजार स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ज्यांच्यात काही उरलं नव्हतं त्या जास्त जगल्या. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनचे दोन रिसेप्टर आणि हर-टू प्रथिन, तिन्ही खुणा नसलेला) आणि हर-टू पॉझिटिव्ह (ते प्रथिन जास्त असलेला) या प्रकारांत हा फरक ठळक होता. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं, की एखाद्या औषधाने पीसीआरचं प्रमाण वाढवलं म्हणून त्या गटाचं आयुष्य वाढेलच, असं म्हणता येत नाही. हे मी रिपोर्ट घ्यायला आलेल्या नवऱ्याला कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या कसं सांगू?

आता ती केस. बरीच वर्षं झाली. बाईंचं वय पन्नाशीच्या आत, ट्रिपल निगेटिव्ह, केमोच्या आधी गाठ चार सेंटिमीटर. नंतरच्या स्कॅनमध्ये काहीच दिसत नव्हतं. नमुना आला तेव्हा हाताला गाठ लागेना. केमोच्या आधी खूण म्हणून बसवलेली धातूची क्लिप शोधायला नमुन्याचा एक्स-रे काढायला हवा होता. मी काढला नाही. मशीन दुसऱ्या मजल्यावर होतं, सर्जनचे दोन फोन येऊन गेले होते, आणि आतल्या बाजूला मला एक पांढुरका, घट्ट भाग दिसला होता. हाच ट्यूमर बेड, म्हणजे मूळ गाठीची जागा, असं ठरवून मी तिथले पाच ब्लॉक (स्लाइड बनवायचे तुकडे) घेतले. एकाही स्लाइडवर कॅन्सर नव्हता. मी 'पूर्ण प्रतिसाद' लिहिलं. शिवाय त्यांच्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी आपण होऊन म्हणाले, "काही उरलेलं नाही. निर्धास्त राहा."

त्या दिवशीच्या मला आज विचारावंसं वाटतं, तुला हे बोलायला कुणी सांगितलं होतं? तेव्हाची मी म्हणते, चांगली बातमी द्यायला परवानगी लागते का? आमचं हे भांडण मिटलेलं नाही.

तीन आठवड्यांनी जुने नमुने टाकून द्यायची वेळ आली. त्यांचा डबा हातात घेतला आणि सोबतचा मॅमोग्रामचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. क्लिप वरच्या बाहेरच्या भागात होती. मी आतल्या बाजूचे तुकडे घेतले होते. पुन्हा कापायला बसले. क्लिप सापडली, तिच्याभोवती खरा बेड सापडला: सैल तंतू, फेसाळ पेशी, जुन्या रक्तस्रावाचे डाग. आणि मधूनमधून, दोन-चारच्या पुंजक्यांत, जिवंत कॅन्सरपेशी.

बेड २२ बाय १५ मिलिमीटर. त्यात कॅन्सरपेशी किती टक्के, हे डोळ्यांनी अंदाजून लिहायचं असतं. मी ५ लिहिले. काख स्वच्छ होती. हे सगळं आरसीबीच्या, म्हणजे उरलेल्या कॅन्सरचा भार मोजण्याच्या सूत्रात घातलं, उत्तर आलं १.३८. पहिल्या, म्हणजे कमी भाराच्या, वर्गाची हद्द १.३६ ला संपते. म्हणजे बाई दुसऱ्या वर्गात. मी ४ टक्के लिहिले असते तर पहिल्या वर्गात राहिल्या असत्या. तुम्ही मागता तो आकडा असा जन्माला येतो.

सुधारित रिपोर्ट दिला. नवऱ्याला फोन मीच केला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "आधीच्या रिपोर्टवरही सही तुमचीच होती ना?" हो, माझीच.

काही उरलं असेल तर पुढचा उपचार बदलतो, म्हणून ही चूक साधी नव्हती. बाईंना कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या सुरू झाल्या. जपान आणि दक्षिण कोरियात झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा हा आधार: केमोनंतरही कॅन्सर उरलेल्या ट्रिपल निगेटिव्ह स्त्रियांपैकी या गोळ्या घेणाऱ्या ६९.८ टक्के पाच वर्षांनी आजारमुक्त होत्या, न घेणाऱ्या ५६.१ टक्के.

बाई आज ठीक आहेत. तपासणीला आल्या की डोकावतात आणि विचारतात, "त्या गोळ्यांमुळेच ना, मॅडम?" मला हो म्हणायचं असतं. हो म्हटलं तर माझी चूक वेळेवर सुधारली, असा हिशेब लागतो. पण तेच आकडे सांगतात की गोळ्या न घेताही निम्म्याहून जास्त जणी ठीक होत्या. बाई त्यांच्यातल्या होत्या का? आणि गोळ्या घेऊनही ज्यांना आजार परतला, त्यांना मी काय सांगायचं? शंभर जणींचं चित्र बऱ्यापैकी काढता येतं. दारात उभी असलेली त्या शंभरांतली कितवी, ते स्लाइडवर लिहिलेलं नसतं.

म्हणून मी आकडा सांगत नाही. भित्रेपणा म्हणा हवं तर, त्यातही तथ्य आहे. एकदा बोलून बसले आहे.

गेल्या महिन्यात त्याच केसच्या स्लाइड्स आणि बेडचं माप मी एका ज्युनिअरला दिलं. नाव, आधीचा रिपोर्ट, काही सांगितलं नाही. तिने बराच वेळ पाहिलं आणि ३ टक्के लिहिले.