वरची वाट

आमच्या डोंबिवलीच्या गिरिभ्रमण मंडळाचे वर्षभरात बरेच कार्यक्रम असायचे. पावसाळी भटकंती, प्रस्तरारोहणाचं शिबिर, गडावरची साफसफाई, कोजागरी. पण कुठल्याही जुन्या सभासदाला विचारा, तो आधी वनयात्रेबद्दलच बोलेल. नाताळच्या सुट्टीत खांडसहून निघायचं, गणेश घाटाने पदरवाडीवर यायचं, तिथून भीमाशंकरला चढून मुक्काम करायचा आणि शेवटी गुप्त भीमाशंकरवरून भोरगिरीला उतरायचं. वाटेतल्या वाड्यांमध्ये, देवळाच्या पायऱ्यांवर, एसटीच्या थांब्यावर, जिथे माणसं भेटतील तिथे जंगलाबद्दल बोलायचं. दरवर्षी तीच वाट आणि तीच गावं.

नवीन मुलांना हे पटायचं नाही. 'पुन्हा तिथेच?' हा प्रश्न नोव्हेंबरच्या बैठकीत हमखास यायचा. हरिश्चंद्रगड आहे, रतनगड आहे, कोयनेकडे जाऊ, दाजीपूरला जाऊ. सर शांतपणे सगळं ऐकून घ्यायचे. मंडळ ज्यांनी उभं केलं त्यांना आम्ही सगळे सरच म्हणायचो. शाळेत शिकवायचे म्हणून आणि तसाच दरारा होता म्हणूनही. ते म्हणायचे, "नवे डोंगर बघायला वर्षाचे बाकीचे रविवार आहेत. लोकांना जंगल राखा म्हणून सांगायला निघताय ना? मग एक तरी जंगल आधी ओळखीचं करा." त्यावर कोणाला काही बोलता यायचं नाही.

या यात्रेचं मूळ १९८७ सालात आहे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला पश्चिम घाट बचाव पदयात्रा निघाली. उत्तरेची तुकडी नवापूरहून आणि दक्षिणेची कन्याकुमारीहून. दोन्ही तुकड्या सह्याद्रीच्या अंगाने चालत चालत १९८८च्या फेब्रुवारीत गोव्यात रामनाथीला एकत्र आल्या. महाराष्ट्रातून जगदीश गोडबोले यांच्यासारखी माणसं त्या मोहिमेत होती. सर आणि मंडळाचे आणखी काही जण मधल्या टप्प्यात उत्तरेच्या तुकडीबरोबर चालले होते. रात्री गावात मुक्काम, गावकऱ्यांशी बोलणं, सकाळी पुन्हा चालायला लागणं. जंगलतोड, धरणं, उघडे पडत चाललेले डोंगर यांबद्दल त्या चालण्यातून किती जणांचे डोळे उघडले, हे सर पुढे अनेक वर्षं सांगत. परत आल्यावर त्यांच्या मनात आलं, एवढी मोठी यात्रा आपल्याला जमणार नाही, पण तिचा एक तुकडा तर दरवर्षी चालता येईल. भीमाशंकरचं जंगल १९८५ सालीच अभयारण्य झालेलं, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं. आमच्यापासून लोकल आणि एसटीने गाठता येण्यासारखं. तेच ठरलं.

यात्रेच्या दिवशी कर्जतची पहाटेची लोकल. फलाटावर सगळ्यांच्या पाठीवर सॅक आणि हातात एक एक कापडी पिशव्यांचं गाठोडं. या पिशव्या हा मंडळातल्या बायकांचा खास विभाग होता. जुन्या साड्या, पडदे, चादरी जमवून दोन महिने आधीपासून शिवणकाम चालायचं. कर्जतहून खांडसची एसटी पकडायची. कंडक्टर ओळखीचा झालेला. "आले का शेकरूवाले," म्हणून तो आम्हाला मागची बाकं द्यायचा.

पहिली रात्र खांडसला. गावातल्या दोन-तीन घरांतून भाकऱ्या यायच्या, पिठलं आम्ही करायचो. जेवणं झाली की शाळेच्या ओट्यावर गावसभा. सुरुवातीच्या वर्षांत आमची मुलं तिथे पाठ केलेलं भाषण करायची: झाडं लावा, झाडं जगवा. एका वर्षी एका म्हाताऱ्या बाबांनी भाषण संपल्यावर विचारलं, "पोरा, तुला यातली किती झाडं ओळखता येतात?" तो दहावीचा मुलगा प्रामाणिक होता. म्हणाला, आंबा आणि वड. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पदरवाडीपर्यंत आमच्याबरोबर आले आणि एकेका खोडाला हात लावत नावं सांगत गेले. हिरडा, बेहडा, कुंभा, गेळा, वर गेल्यावर अंजनी, फणशी, पारजांभूळ. कुठल्या झाडाचं काय लागतं, कुठलं लाकूड जळणाला चालतं आणि कुठल्याला कोयता लावायचा नाही, हे सगळं चालता चालता. तेव्हापासून भाषणं बंद झाली. गावसभेत आम्ही विचारायचो आणि गावकरी सांगायचे. शहरातल्यांना जे सांगायचं ते या रात्रींतूनच आमच्याकडे जमा होत गेलं.

पण यात्रेतला मला सगळ्यात प्रिय भाग पदरवाडीच्या पुढे सुरू व्हायचा. इथून चढ दाट झाडीत शिरतो. इथे सर सगळ्यांना थांबवायचे आणि वर बघायला लावायचे. शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. तांबूस पाठ, फिकट पोट, शेपटीसकट जवळजवळ मीटरभर लांबीची ही मोठी खार. ती झाडांवरच जगते. खाणं वर, झोपणं वर, पिल्लं वर. एका झाडावरून दुसऱ्यावर पाच-सहा मीटरची उडी सहज घेते, पण त्याहून मोठी फट आली की तिला जमिनीवर उतरावं लागतं, आणि जमिनीवर कुत्री आहेत, बिबट्या आहे. त्यामुळे शेकरूसाठी जंगल म्हणजे नुसती झाडांची संख्या नव्हे. फांदीला फांदी लागलेली हवी.

सर म्हणायचे, "आपण खालच्या वाटेने जातोय. आता तिची वरची वाट शोधा." मग दोन-दोन मुलांची जोडी करून एकेक तुकडा वाटून दिला जायचा. एकाने मान वर करून सांगायचं, दुसऱ्याने वहीत काढायचं. या जांभळावरून त्या अंजनीवर जाता येईल का? येईल, फांद्या भिडल्यात. तिथून पुढच्या आंब्यावर? मध्ये फट आहे, पण उडी बसेल. त्यापुढे? त्यापुढे वीजेची तार. घरटी दिसली की तीही टिपायची. शेंड्याच्या बारीक फांद्यांवर काटक्या आणि पानं रचून केलेला मोठा गोळा. पानं हिरवी असतील तर घरटं नवं, करडी पडली असतील तर जुनं. एक शेकरू दोन-चार घरटी बाळगून असते, त्यामुळे घरट्यांच्या आकड्यावरून शेकरं मोजायची नाहीत, अशी सूचना वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलेली होती. बरोबर येणारे वनरक्षकही या कामात रंगून जायचे.

माना दुखायच्या. चढाला जेवढा वेळ लागायला हवा त्याच्या दुप्पट लागायचा. पण एकदा हे करून आलेलं मूल पुन्हा कुठल्याही रानात नुसतं पायाखाली बघून चालायचं नाही. पुढच्या वर्षी तेच मूल त्याच तुकड्यावर हक्काने जायचं आणि आधीच्या पानाशी ताडून बघायचं. 'आपला आंबा आहे', 'आपल्या कुंभ्याची मोठी फांदी गेली'. दरवर्षी तीच वाट का, याचं उत्तर मुलांना इथे मिळायचं. एकदाच गेलेल्या माणसाला जंगल हिरवं दिसतं. तिथून काय नाहीसं झालं हे कळायला पूर्वी काय होतं ते ठाऊक असावं लागतं.

भीमाशंकरला पोचलो की वेगळंच वातावरण. देवळाची वर्दळ, घंटा, पेढ्यांची दुकानं. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला आमची मुलं कापडी पिशव्या घेऊन उभी राहायची. "माऊली, प्लास्टिकची पिशवी इथे द्या, ही घ्या." बहुतेक भाविक हसून द्यायचे. बेल-फुलं विकणाऱ्या मावश्या आमच्या बाजूने बोलायच्या. त्यांतल्या एक जणी तर गिऱ्हाइकालाच दटावायच्या, "देवाला आलास आणि देवाच्या रानात घाण टाकतोस?" आमच्या दिवसभराच्या समजावण्यापेक्षा त्यांचं हे एक वाक्य जास्त लागू पडायचं. संध्याकाळी एका घराच्या ओसरीवर सगळे जमायचे. कोणी गाणी म्हणायचं, गावातली मुलं लेझीम खेळायची, चहाच्या फेऱ्या चालायच्या. तिथेच सर देवरायांबद्दल सांगत. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला आणि गावाने देवाच्या नावाने राखलेलं रान किती मोलाचं असतं हे अभ्यासकांच्या जगासमोर मांडलं, ही गोष्ट मी पहिल्यांदा तिथेच ऐकली.

सगळ्याच वर्षांच्या गप्पा अशा गोड नव्हत्या. २०११मध्ये पश्चिम घाटाच्या रक्षणाबद्दलचा गाडगीळ समितीचा अहवाल सादर झाला आणि पुढची दोन-तीन वर्षं भोरगिरीच्या मुक्कामात दुसरा विषयच नसायचा. "आमची जमीन जाणार का? घर वाढवता येणार का? हिरडा गोळा करू देणार का?" इथल्या महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरड्याच्या, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळांच्या हंगामात हाती चार पैसे येतात, त्यामुळे ती धास्ती खरी होती. आमच्यातल्या कॉलेजच्या मुलांनी अहवाल वाचला होता. ग्रामसभेने ठरवावं यावर त्यात किती भर आहे हे त्यांनी समजावून सांगितलं. काहींना पटलं, काहींना नाही. एक तरुण शिक्षक म्हणाले, कागदावर ग्रामसभा असते हो, पण विचारायला कोणी येत नाही. त्या रात्री उशिरापर्यंत वाद झाला आणि तो मला आजही महत्त्वाचा वाटतो. जिथे माणसं शतकानुशतकं राहतात त्या रानाच्या रक्षणाची भाषा त्यांना वगळून करता येत नाही, हे आमच्या मुलांना तिथे समोरासमोर बसून कळलं.

आणि २०१४. त्या वर्षी ३० जुलैला माळीणवर डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसं गेली. माळीण आमच्या वाटेवर नव्हतं, पण ते आंबेगाव तालुक्यातलंच, आणि आमच्या ओळखीच्या घरांची नातीगोती तिथपर्यंत पोचलेली. डिसेंबरात जावं की नाही यावर मंडळात खल झाला. शेवटी भोरगिरीहूनच निरोप आला, या म्हणून. त्या वर्षी लेझीम नाही, गाणी नाहीत. ओसरीवर बसून लोक बोलले आणि आम्ही ऐकलं. उतारावरची झाडं, पाणी मुरण्याच्या वाटा, सपाटीकरण, अतिवृष्टी हे शब्द आम्ही एरवी तक्त्यांवर रंगवत होतो. समोर बसलेल्या बाईंची बहीण गेलेली होती. तक्ते आम्ही गुंडाळीतून काढलेच नाहीत.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी आलं तेव्हा सगळेच घरात अडकलेले. खेड, आंबेगाव, जुन्नर पट्ट्यात हिरड्याची झाडं उन्मळून पडल्याच्या बातम्या फोनवर येत होत्या. त्या डिसेंबरात कोरोनामुळे यात्रा झाली नाही. त्यानंतर गेलो तेव्हा वह्या घेऊन पदरवाडीच्या पुढे उभे राहिलो आणि पहिल्यांदाच असं झालं की मुलांना आपापला तुकडा ओळखता येईना. जिथे सावली होती तिथे ऊन पडलेलं. जुन्या पानांवरच्या वरच्या वाटेत तीन ठिकाणी सरळ खिंडार. एका मुलीने वहीत लिहिलं: 'इथून पुढे शेकरूला रस्ता नाही.' खाली तिने मोठ्या फटीचं पावलांनी मोजलेलं अंतर लिहिलं आणि कडेला उगवलेल्या रोपांची यादी केली. ती पानं आम्ही वनविभागाच्या लोकांना दाखवली. त्यांनी नकला मागून घेतल्या.

सर आता येत नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. वह्या मात्र त्यांच्याच कपाटात आहेत आणि नवीन वही दरवर्षी जानेवारीत त्यांच्याकडे जमा होते. ते चश्मा लावून प्रत्येक पान वाचतात आणि अडलेल्या ठिकाणी फोन करून विचारतात, "हे आटकाचं झाड म्हणता, ते ओढ्याच्या अलीकडचं की पलीकडचं?"

गेल्या काही वर्षांत यात्रेचं रूप बदलत चाललंय. भोरगिरी आणि पदरवाडीकडची तरुण मुलं आता यात्रेच्या आखणीत असतात, वाटही तीच दाखवतात. त्यांचं म्हणणं असं की डिसेंबरात येऊन तुम्ही बघून जाता, खरी गरज फेब्रुवारीत असते. गवत वाळलेलं असतं, वणव्याची भीती असते, जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून साफ केलेले पट्टे, काढायला हात कमी पडतात. मागच्या फेब्रुवारीत आमच्यातले काही जण त्या कामाला गेले. दिवसभर वाळलेलं गवत कापून, पाला ओढून, उतारावर पट्टा साफ करत जायचा. हाताला फोड आले, नाकातोंडात धूळ गेली, आणि संध्याकाळी मोजलं तर पट्टा जेमतेम एका वळणापर्यंत गेला होता. गावची मुलं रोज एवढंच करतात.

यंदाच्या बैठकीत म्हणून दोन प्रस्ताव आहेत. यात्रा फेब्रुवारीत न्यायची आणि एक दिवस जाळरेषेच्या कामासाठी वाढवायचा, हा एक. दुसरा भोरगिरीच्या मुलांचा: सुरुवात खांडसहून न करता त्यांच्याकडून करावी, म्हणजे गुप्त भीमाशंकरकडचे तुकडे सकाळच्या उजेडात, शेकरं हालचाल करतात त्या वेळेला बघता येतील. माझं मत दोन्हींच्या बाजूने आहे. दहावी-बारावीच्या मुलांच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, ती एक अडचण आहे. त्यांच्यासाठी डिसेंबरात वरच्या वाटेची छोटी फेरी वेगळी ठेवता येईल. पिशव्यांसाठी जुन्या साड्या लागणारच आहेत, त्या आतापासून मंडळाच्या खोलीवर आणून द्याव्यात.