लादीतून फेस यायला लागला तेव्हा

मागच्या आठवड्यातलं एक काम डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहितेय. मी ठाण्यात घरांची डीप क्लिनिंगची कामं घेते, मी आणि दोन मुली. फोन आला घोडबंदर रोडवरून, कासारवडवलीच्या पुढची सोसायटी, टूबीएचके. "लादी चिकट लागते हो, पुसली की अजूनच चिकट, तुमचं मशीन घेऊन या." पावसाळ्यात असे फोन येतातच, हवा दमट असते, लादी लवकर वाळत नाही, त्यामुळे मीही तेच असणार असं धरून गेले.

चप्पल काढून आत गेले तर प्रत्येक पाऊल उचलताना चट्ट चट्ट आवाज. घरात नऊ महिन्यांचं बाळ, नुकतंच रांगायला लागलेलं, त्याचे गुडघे आणि तळहात काळे झालेले आणि त्याची आई सारखी ओलं फडकं घेऊन त्याच्या मागे. काकूंनी मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "मावशी नीट पुसतच नव्हती, रविवारी बंदच केलं तिला."

मी लगेच मशीन कधीच लावत नाही. आधी साधं गरम पाणी, त्यात काहीही न टाकता, एकाच लादीवर. सोफ्याच्या बाजूची दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड लादी घेतली, पेलाभर पाणी ओतलं, मायक्रोफायबरचं फडकं दोन-चार वेळा फिरवलं आणि फेस यायला लागला. राखाडी, दाट, कपडे धुतल्यावर मोरीत उरतो तसा. म्हणजे लादीवर साबणच बसलेला होता थरावर थर, आणि रोजची धूळ त्याला चिकटत होती. काकूंना बोलावून दाखवलं. "पण तुम्ही तर पाण्यात काहीच टाकलं नाहीत ना?" तेच तर म्हणत होते मी.

मग विचारलं बादलीत काय काय टाकता. बाळ रांगायला लागलं म्हणून जंतुनाशक क्लीनर एका झाकणाऐवजी तीन झाकणं. सोसायटीत टँकरचं पाणी, सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळेलाच येतं, म्हणून अख्ख्या घराला एकच बादली, पुन्हा साध्या पाण्याने पुसायचा प्रश्नच नाही. आणि लादी काळी दिसते म्हणून ओरडा बसायला लागला तेव्हा मावशी त्याच बादलीत कपड्यांची पावडरही टाकायला लागल्या.

इथेच मला सगळं कळलं, कारण मी सहा वर्षं हॉस्पिटलच्या हाऊसकीपिंगमध्ये होते आणि तिथे पहिल्याच दिवशी शिकवलेलं की या दोन गोष्टी एकत्र करायच्या नाहीत. जंतुनाशक क्लीनरच्या बाटलीमागे बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलेलं असतं, त्याच्यावर धन भार, कपड्यांच्या पावडरीतल्या साबणावर ऋण भार, दोघं एकमेकांना धरून बसतात आणि पाण्यात न विरघळणारा चिकट गाळ तयार होतो. वर जंतू मारायची ताकदही कमी होते. म्हणजे ज्या बाळासाठी तीन झाकणं टाकली त्याच्यासाठीच ती वाया जात होती, आणि मावशीला जितका ओरडा तितकी पावडर जास्त, जितकी पावडर जास्त तितकी लादी चिकट. घरात शिकलेली माणसं आहेत, बाटलीमागचं प्रमाण कुणी एकदा वाचून सांगितलं असतं तर एवढं झालंच नसतं.

काम मात्र मनासारखं झालं. गिझरचं गरम पाणी, पाच लिटरला अर्धा कप पांढरं व्हिनेगर, चार लाद्या घ्यायच्या, ओल्या करायच्या, दोन मिनिटं थांबायचं, घासायचं आणि पाणी तिथे वाळू न देता वायपरने लगेच ओढून घ्यायचं. हे पाणी फडक्यानेच टिपलं तर साबण परत तिथेच बसतो. दारांचे उंबरठे मार्बलचे होते, तिथे व्हिनेगरचा थेंबही लावू दिला नाही मुलींना, मार्बलची चकाकी जाते ती पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येत नाही, तिथे नुसतं गरम पाणी आणि हात. मग दोनदा साध्या पाण्याने, कोरडं फडकं, पंखे फुल. अकरा बादल्या लागल्या आणि त्यावरून काकूंचं तोंड उतरलं. पण शेवटची बादली स्वच्छ निघाली आणि बाळ हॉलभर रांगून आलं तरी तळहात गुलाबीच. तेवढ्यासाठी मी हे काम करते.

निघताना म्हटलं, "काकू, मावशींना परत बोलवा, त्यांचा काही दोष नव्हता." त्या म्हणाल्या, "बघू." त्यांची सून लिफ्टपर्यंत सोडायला आली आणि काही न बोलता मावशींचा नंबर दिला.

रात्री फोन केला, सगळं समजावलं. मावशी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे पावडर मीच टाकली, चूक माझीच ना ताई?" मी नाही नाही म्हणत राहिले पण मला नीट सांगताच आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "अजून दोन घरी पण तसंच करते, तिथं पण पावडर बंद करू का?" म्हटलं हो मावशी, उद्यापासूनच, आणि त्या घरांतल्या बाटल्यांच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा, किती झाकणं टाकायची ते मी वाचून सांगते.

एक फोटो आलाय. दुसऱ्याची वाट बघतेय.