चार फुटी टाकीसाठी ‘शार्क’ : पाच महिन्यांची नोंद

दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणाऱ्या गोड्या पाण्यातील माशांपैकी एकही खरा शार्क नसतो. खऱ्या शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो. रेड टेल, रेनबो आणि सिल्व्हर शार्क मात्र रोहू-कटल्याच्या कुळातले हाडवाले मासे आहेत आणि टायगर शार्क तर शिंगाळ्याच्या गटातला मिशाळ मासा आहे. पाठीवरचा त्रिकोणी पर आणि निमुळते अंग एवढ्यावर हे नाव चिकटले आहे. या नावाला मी पूर्वी एकदा भुललो होतो. दोन फुटी टाकीत चार ‘टायगर शार्क’ आणले, वर्षभरात ते फूटभर झाले आणि शेवटी मोठा सिमेंटचा हौद असलेल्या एका स्नेह्याकडे त्यांची रवानगी करावी लागली. म्हणून या वेळी आधी टाकी मोजली, मग मासा निवडला.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच आहे. काठोकाठ भरल्यास तीत सुमारे २५० लिटर पाणी मावते, पण वाळू, लाकूड आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात २१० लिटरच धरावे. काच, दगड आणि पाणी मिळून वजन ३०० किलोच्या आसपास जात असल्याने ती भिंतीलगत, लोखंडी स्टँडवर ठेवली आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाणी भरले आणि मासे न सोडता अमोनियाचे थेंब घालून टँक सायकल करायला घेतला, म्हणजे विषारी अमोनिया आणि त्यापासून बनणारे, तेही विषारी, नायट्राइट पचवणारे जिवाणू टाकीत वाढवायला घेतले. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येऊ लागायला सहा आठवडे लागले. पुण्याच्या थंडीत जिवाणूंची वाढ मंदावते, त्यामुळे हीटर २७ अंशांवर ठेवणे भाग पडले.

हा रिकामा काळ निवडीसाठी कामी आला. टायगर शार्कचा विचार मनात येण्याचेच कारण नव्हते. हा आग्नेय आशियातील मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला मासा पूर्ण वाढीत एक मीटरच्या पुढे जातो, आणि हॉटेलांत ‘बासा’ म्हणून ताटात येतो तो बहुतेक वेळा हाच. शिवाय त्याची नजर अधू असते; दचकला की काचेवर तोंड आपटून घेतो. सिल्व्हर शार्क, म्हणजे बाला, स्वभावाने गरीब आहे, पण तो ३० सेंटिमीटरच्या पुढे वाढतो, थव्यातच सुखी असतो आणि झाकण उघडे दिसले की उडी मारतो. पाच बालांना सहा फुटी टाकीही अपुरी पडेल. दुकानात मात्र ते बोटाएवढे आणि चांदीसारखे चकचकीत असतात, त्यामुळे मोह आवरणे सोपे नाही, हे मान्य करतो.

खरी ओढ होती ती डेनिसन बार्बची. काही दुकानदार त्याला ‘रोझलाइन शार्क’ म्हणतात आणि केरळात तो ‘मिस केरळ’ आहे. मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये त्याचे वर्णन केले आणि २०१३ मध्ये त्याच्यासाठी ‘सह्याद्रिया’ ही स्वतंत्र प्रजाती (जीनस) स्थापन झाली. आपल्या डोंगराचे नाव धारण करणारा हा मासा आपल्या टाकीत असावा, असे कोणाला वाटणार नाही? परंतु तो पश्चिम घाटातील वेगवान, थंड आणि प्राणवायूने भरलेल्या ओढ्यांतला आहे, त्याला सहा-आठ जणांची सोबत लागते, आणि निर्यातीसाठी झालेल्या बेसुमार पकडीनंतर तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. त्याची पैदास आता केंद्रांतही होते. पण माझ्या विक्रेत्याला त्याच्याकडील मासे पैदाशीचे की ओढ्यातले, हे सांगता आले नाही. माझी टाकी एप्रिलमध्ये ३० अंशांच्या वर जाते. तेव्हा हा विचार मी सोडला, आणि त्याची हळहळ अजून आहे.

उरले रेड टेल आणि रेनबो. दोघेही १२ ते १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतात, म्हणजे टाकीत मावतात. अडचण त्यांच्या स्वभावाची आहे. दोघेही तळाचा ताबा घेतात आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या माशाला सळो की पळो करतात, म्हणून दोघांपैकी एकच, आणि तोही एकटाच ठेवायचा. ओळख सोपी आहे : रेड टेलचे अंग काळेभोर आणि फक्त शेपटी लाल असते, तर रेनबोचे अंग करडे आणि सगळेच पर तांबडे असतात. मी रेड टेल घेतला. थायलंडमधील नद्यांत तो जवळपास संपला आहे आणि बाजारात येणारे मासे तिथल्याच शेततळ्यांत संप्रेरके टोचून पैदा केलेले असतात, त्यामुळे माझ्या खरेदीने नदी रिकामी होत नाही, एवढे समाधान आहे.

सोबतीला फेब्रुवारीच्या अखेरीस दहा जायंट डॅनिओ सोडले. हे चपळ मासे वरच्या थरात राहतात आणि अंगाने शार्कसारखे दिसत नाहीत. तळाशी आडवे लाकूड, दोन फोडलेली मडकी आणि जावा फर्न ही पाणवनस्पती अशा रीतीने मांडले की एका टोकाहून दुसरे टोक दिसू नये. शार्क तीन आठवड्यांनी, सर्वांत शेवटी आणला. तो आधी आला असता तर त्याने सगळी टाकी आपली मानली असती. आला तेव्हा तो पाच सेंटिमीटरचा आणि राखाडी होता, चार दिवस मडक्यातून बाहेर आला नाही. दहाव्या दिवशी त्याचा रंग गडद झाला आणि बारा दिवसांनी त्याने एका डॅनिओचा पाठलाग केला, पण दीड फुटावर तो सोडून दिला.

एप्रिलच्या मध्यावर पाणी ३२ अंशांवर गेले. पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यावर ते २९ वर आले. बाष्पीभवनामुळे रोज दोन-तीन लिटर पाणी घालावे लागते. झाकणाऐवजी जाळी बसवली आहे, कारण डॅनिओही उड्या मारतात. वीज गेल्यास बॅटरीवरचा एअर पंप चालू होतो. दर रविवारी चौथाई पाणी बदलतो, त्यामुळे जिवाणूंच्या कामातून शेवटी उरणारे नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भागांच्या) खाली राहते. खाद्यात बुडणाऱ्या शैवाल-वड्या आणि आठवड्यातून दोनदा वाफवलेली काकडी असते. काकडीवर तो डॅनिओंना फिरकू देत नाही.

आज, मेच्या शेवटी, शार्क साडेसहा सेंटिमीटरचा आहे. डावे मडके सोडून तो उजव्या बाजूच्या लाकडाखाली राहू लागला आहे आणि दहापैकी एका डॅनिओची शेपटी किंचित कुरतडलेली दिसते. पुढच्या रविवारी लाकडाची जागा बदलणार आहे.