आमची वाटचाल: बदामाशेजारचा डबा

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळतात, त्यामुळे ग्लासात काय आहे हे कोल्हापुरात कुणी विचारत नाही. प्रोटीन पावडरचा डबा मात्र सील होऊनच समोर येतो. २०१४ साली वडिलांच्या किराणा दुकानात बदामाच्या बरणीशेजारी पहिले सहा डबे मांडले, तेव्हा हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. माल खपत होता, तेवढंच दिसत होतं.

दोन वर्षांनी जवळच्या तालमीतले वस्ताद अर्धा संपलेला डबा घेऊन आले. "पोरांची पोटं बिघडायल्यात. यात काय हाय, सांग बघू." मला सांगता आलं नाही. वितरकाला फोन केला, तर म्हणाला, डब्यावर लिहिलंय की!

त्याच बॅचचा बंद डबा प्रयोगशाळेत पाठवला. रिपोर्टात प्रोटीन लेबलाएवढंच आलं. मी खूश. पण तिथल्या केमिस्टबाईंनी विचारलं, "अमिनो ॲसिडं वेगवेगळी मोजून घेतलीत का?" मग त्यांनीच समजावलं. प्रोटीन बनतं ते या अमिनो ॲसिडांचंच. नेहमीच्या चाचणीत प्रोटीन थेट मोजतच नाहीत. नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात, दुधाच्या प्रोटीनला ६.३८ ने. ग्लायसिन हे स्वस्त अमिनो ॲसिड. त्यात सुमारे १८.६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे एक ग्रॅम ग्लायसिन घातलं की कागदावर १.१६ ग्रॅम प्रोटीन दिसतं. माल हलका, आकडा भारी! चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन, म्हणजे भरपूर नायट्रोजन असलेलं कारखान्यातलं रसायन, मिसळलं ते हाच आकडा फुगवायला. सहा बाळं दगावली, लाखो आजारी पडली.

दुसरी चाचणी महाग होती. तीही केली. ग्लायसिन नको तेवढं निघालं. पोटं त्यानेच बिघडली का, ते त्या कागदावरून ठरत नव्हतं, पण माल विकायचा नाही हे ठरलं. वितरकाने परत घेतला नाही. चाळीस डबे मागच्या खोलीत पडून राहिले आणि वडील वर्षभर त्यांच्याकडे बोट दाखवून माझी हजेरी घेत होते.

आता चारच कंपन्यांचा माल ठेवतो. बॅच बदलली की नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत जातो, अमिनो ॲसिडं आणि शिसं-कॅडमियमसारखे विषारी धातू, दोन्हींसाठी. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, चौदा अंकी परवाना नंबर असतो, तो त्यांच्या साइटवर टाकून बघायला गिऱ्हाइकाला आम्हीच सांगतो. रिकामा डबा परत आणला तर त्याला भोक पाडून देतो, कारण भंगारात गेलेला चांगला डबा पुन्हा भरून बाजारात येतो. यावर पोरं हसतात. हसू देत.

स्पर्धेत उतरणाऱ्या मल्लाला मात्र आधीच सांगतो, आमच्या चाचणीत बंदी असलेली औषधं शोधलेली नसतात. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमाप्रमाणे अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची; "दुकानदाराने दिलं" म्हणून सुटका होत नाही. असं सांगितल्यावर निम्मे जण डबा खाली ठेवतात. किडनीचा त्रास असलेल्याला आधी डॉक्टरांकडे पाठवतो. "महिन्यात अंग भरेल असं द्या" म्हणणाऱ्या शाळकरी पोराला तर डबा देतच नाही, मग तो दोन दुकानं पुढे जाऊन घेतो, तेही माहीत आहे.

वस्ताद अजून येतात. भिंतीला लावलेला रिपोर्ट चष्मा पुसून वाचतात, मान हलवतात आणि दोन किलो बदाम घेऊन जातात.