आमची वाटचाल : पहिल्या हप्त्यापासून पूर्ण मत

लोक विचारतात तुमच्या फर्मचे मालक कोण, तर उत्तर असंय की जे इथे काम करतात ते सगळे, मी त्यातला एक. सहकारी संस्थांसाठी वेबसाइट, सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर, वार्षिक अहवाल, प्रशिक्षणाचे व्हिडिओ असं काम आम्ही करतो आणि आमची स्वतःची नोंदणीसुद्धा सहकारी म्हणूनच आहे. माणशी एक मत, आणि वर्षाअखेरीस नफ्याचं काय करायचं ते सर्वसाधारण सभेत ठरतं.

सुरुवात केली तेव्हा सगळे विशी-पंचविशीतले. प्रत्येकजण एकटा फ्रीलान्स कामं घ्यायचा, पेमेंट वेळेवर यायचं नाही, आजारी पडलं की तो महिना कोरडा. एकत्र यायचं ठरलं तेव्हा बऱ्याच जणांनी सांगितलं की सरळ प्रायव्हेट लिमिटेड करा, पण त्यात ज्याचे शेअर जास्त त्याचं वजन जास्त, आणि आमच्यात पैसा एक-दोघांकडेच होता, काम मात्र सगळेच सारखं करणार होते, मग मत पैशावर का ठरावं या प्रश्नावर आम्ही बरेच दिवस अडून बसलो आणि शेवटी सहकाराकडे वळलो.

पण सहकारीत आलं म्हणून भांडवलाचा प्रश्न सुटत नाही. शेअर घ्यावाच लागतो, नाहीतर संस्था चालणार कशावर? नुकतं कॉलेज संपलेल्या मुलाने एकरकमी पैसे कुठून आणायचे? आणि रक्कम अगदी नाममात्र ठेवली तर संस्थेच्या हातात काहीच राहत नाही. माझं ठाम मत आहे की तरुण सहकारात का येत नाहीत यावर जी चर्चा होते ती बहुतेक वेळा आवड, जाणीव, संस्कार यांच्यावर होते आणि हा साधा पैशाचा मुद्दा राहून जातो.

उत्तर शोधायला आम्ही मागे गेलो, थेट इंग्लंडमधल्या रॉचडेलपर्यंत. १८४४ साली तिथल्या २८ जणांनी, त्यात बरेच विणकर, प्रत्येकी एक पौंड भागभांडवल जमवून टोड लेनवर दुकान काढलं हे सहकाराच्या प्रत्येक भाषणात येतं. भाषणात येत नाही ते हे की तो एक पौंडही त्यांच्याकडे एकदम नव्हता, आठवड्याला दोन-तीन पेन्स असं करत तो गोळा केला होता. म्हणजे आधुनिक सहकाराची पायाभरणी ज्या दुकानाने झाली असं आपण मानतो त्याचा शेअरच हप्त्याने भरलेला! त्या दुकानात पीठ, लोणी, साखर विकायला होती हे सगळ्यांना पाठ आहे, हप्त्याचं मात्र कुणी सांगत नाही.

मग स्पेनच्या बास्क भागातलं मोंद्रागोन वाचलं. तिथे आरिथमेंदिअरिएता नावाच्या पाद्रीने १९४३ मध्ये तंत्रशाळा काढली आणि त्या शाळेतून तयार झालेल्या पाच तरुणांनी १९५६ मध्ये उल्गोर हा कारखाना सुरू केला, सुरुवातीला रॉकेलवर चालणारी उपकरणं बनवायचे. आज मोंद्रागोनमध्ये हजारोंच्या संख्येने कामगार-सभासद आहेत. त्यांच्याकडे सभासद होताना भरायची रक्कम चांगली मोठी असते पण ती पगारातून हप्त्या-हप्त्याने कापता येते, आणि नफ्यातला सभासदाचा वाटा त्याच्या नावाच्या भांडवल खात्यात जमा होतो, संस्था सोडताना किंवा निवृत्त होताना तो मिळतो. १९६६ मध्ये तर त्यांनी अलेकोप नावाची विद्यार्थ्यांची सहकारी काढली, मुलं अर्धा वेळ काम करायची अर्धा वेळ शिकायची आणि शिक्षणाचा खर्च त्यातून भागवायची.

आमच्या उपविधींमध्ये, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत, आम्ही हेच घेतलं. नवीन माणूस आला की काही महिने काम बघायचं, दोन्ही बाजूंनी, मग सभासदत्वाचा ठराव, आणि शेअर पगारातून हप्त्याने. पण मत पहिल्या हप्त्यापासून पूर्ण. यावर सभेत जोरदार वाद झाला, कारण काही जणांचं म्हणणं होतं की शेअर पूर्ण भरल्याशिवाय मत कसं द्यायचं, आणि त्यांचा मुद्दा टाकाऊ नव्हता, तोटा झाला तर ज्याचे पैसे जास्त अडकलेत त्यालाच जास्त झळ बसते. शेवटी बहुमताने पहिल्या हप्त्यावर शिक्कामोर्तब झालं. मला वाटतं आमच्या फर्मचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तो होता, त्यानंतर जी मुलंमुली आली ती टिकली कारण पगार किती, कुठलं काम घ्यायचं कुठलं नाही हे ती पहिल्यापासून ठरवत होती.

कामानिमित्त बऱ्याच संस्थांचे युवा विभाग जवळून पाहायला मिळाले. जिथे युवा विभागाकडे फक्त कार्यक्रम असतात, जुलैच्या पहिल्या शनिवारी सहकार दिन, त्याचं पोस्टर, स्पर्धा, फोटो, तिथली मुलं हळूहळू गळतात. जिथे थोडं का होईना बजेट आणि हिशोब त्यांच्या हातात दिला जातो तिथे तीच मुलं पुढे संचालक मंडळाच्या निवडणुकीला उभी राहतात.

इंटरनॅशनल को-ऑपरेटिव्ह अलायन्स म्हणजे आयसीए ही १८९५ ची लंडनमध्ये स्थापन झालेली जागतिक संघटना, तिने १९९५ मध्ये मँचेस्टरला सहकाराची सात तत्त्वं मंजूर केली. आमच्या प्रत्येक व्हिडिओत ती येतात. त्यात तरुणांचा उल्लेख फक्त पाचव्या तत्त्वात आहे आणि तिथे म्हटलंय की सर्वसामान्य लोकांना, विशेषतः तरुणांना आणि जनमत घडवणाऱ्यांना, सहकाराचं स्वरूप आणि फायदे कळवावेत. तत्त्व बरोबर आहे, शिक्षण पाहिजेच, पण त्यातला तरुण दाराबाहेर उभा आहे आणि आतले लोक त्याला माहिती देतायत, हे मला खटकतं. तो सभासद म्हणून, संचालक म्हणून कुठे दिसत नाही. आयसीएमध्ये आता तरुणांची स्वतंत्र समिती आहे, हे चांगलंच झालं, पण गावोगावच्या, शहराशहरांतल्या संस्थांमध्ये हे उतरायला हवं. संयुक्त राष्ट्रांनी २०१२ आणि परत २०२५ हे सहकार वर्ष म्हणून जाहीर केलं, दोन्ही वेळा तरुणांबद्दल बरंच बोललं गेलं.

जिथे बोलण्यापुढे गेलेत अशी उदाहरणं आहेत आणि ती आम्ही प्रशिक्षणात आवर्जून दाखवतो. फिनलंडमध्ये युवास्क्युला इथे १९९३ पासून तिमिआकातेमिया नावाचा उपक्रम चालतो, विद्यार्थी गट करून खरोखरची सहकारी काढतात, खरे ग्राहक शोधतात, खरं बिल लावतात आणि तेच त्यांचं शिक्षण. कॅनडाच्या क्युबेकमध्ये शाळकरी वयाची मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती सेवा सहकारी चालवतात, अंगण साफ करणं, रंगकाम, असली कामं घेतात, भाव स्वतः ठरवतात, मिळकतही स्वतः वाटून घेतात. आणि युरोपात सायकलवरून डिलिव्हरी करणाऱ्यांनी कोऑपसायकल हा संघ बांधला, त्यांचं सॉफ्टवेअर सामायिक आहे आणि ते व्यवसायासाठी वापरायचं तर सहकारी असावं लागतं. हे शेवटचं आम्हाला सगळ्यात जवळचं, कारण आमचाही धंदा सॉफ्टवेअरचाच. त्यांच्याकडे बघून आम्ही आमचं सभासद नोंदणीचं टूल नव्या तरुण सहकारींना पहिलं वर्षभर फुकट द्यायला लागलो. हिशोबाच्या दृष्टीने जड जातं, पण राखीव निधीतून त्यासाठी तरतूद करायचा ठराव झालाय.

मंडळाच्या दोन जागा आम्ही तिशीच्या आतल्यांसाठी ठेवल्यात. त्यातली एक जण आता खजिनदार आहे आणि क्लायंटकडून अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय काम सुरू करायचं नाही हा नियम तिनेच आणला, त्यावर जुने सभासद कुरकुरले होते पण पगार वेळेवर व्हायला लागले.

सध्या विद्यार्थ्यांच्या सहकारी संस्थांसाठी साध्या भाषेतली जमाखर्च वही तयार करतोय, शेअर हप्त्याने घेतला तर नोंद कशी करायची, सभासद शिक्षण संपून गेला तर पैसे परत कसे करायचे वगैरे. कुणी मुलं मिळून असं काही सुरू करत असतील तर आमचे उपविधी मागून घ्या, हप्त्याचं कलम जसंच्या तसं उचललं तरी चालेल.