गॉलची वही: सावली नसलेली दुपार

वही क्रमांक 14 संपली. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉलला नऊ दिवस होते, जलरंगाचे 21 क्वार्टर शीट (पूर्ण कागदाचा पाव भाग) रंगवून झाले, त्यातले 6 ठेवलेत. मागच्या नोंदीत कोकणातल्या जांभ्याच्या भिंतींबद्दल लिहिलं होतं. ही नोंद उन्हाबद्दल आहे.

5 एप्रिलला दुपारी बाराच्या सुमारास मी गॉलच्या कोटावर दीपगृहासमोर बोर्ड मांडून बसले आणि पाऊण तास कागदाला ब्रश लावता आला नाही. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे: आधी सगळ्या सावल्या जोडून एक मोठा आकार, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी यांचा एकच वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सपाट थर, मग बाकीचं. इथे तो आकारच नव्हता. बोर्डाची, पाण्याच्या डब्याची, माझी स्वतःची, कशाचीच सावली बाजूला पडलेली नव्हती. गॉल 6 अंश उत्तरेला आहे, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. आपल्याकडे पुण्यात हाच शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यावर येतो, तेव्हा आपण सगळे घरात पंख्याखाली असतो. भर दुपारचं ऊन मी आजवर कधी नीट पाहिलंच नव्हतं, हे तिथे बसल्यावर लक्षात आलं.

दीपगृह 1939 सालचं, पांढरंशुभ्र, भोवती माडांची गर्दी. पहिले दोन कागद मी मनोरा पांढरा सोडून केले आणि दोन्ही कागद फिके पडले. तिसऱ्या वेळी डोळे बारीक करून बराच वेळ नुसती बघत राहिले, तेव्हा उलगडलं. सूर्य माथ्यावर असला की ऊन आडव्या पृष्ठांवर पडतं. उभ्या भिंतीवरून ते नुसतं घसरतं. म्हणजे मनोऱ्यापेक्षा त्याच्या पायथ्याची माती आणि तटाचा माथा जास्त उजळ होता! मनोरा होता हलक्या उबदार राखाडी टोनमध्ये, आणि खालच्या अंगाला जमिनीवरून उसळलेला यलो ऑकरचा उजेड. मग जमीन कोरी सोडली, मनोऱ्यावर लाइट रेड आणि कोबाल्टचा अगदी पातळ हात फिरवला, आणि मागचे माड गडद केले. चित्र उभं राहिलं. सावली एकही नाही, तरी ऊन लागतं त्यात. हा कागद क्रमांक 9, या वहीतला माझा सगळ्यात आवडता.

कोटातल्या इतर जागा भराभर सांगते. जुन्या दरवाज्यावर आतल्या बाजूने डच ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह आणि 1669 साल कोरलेलं आहे, दगडाचा पोत ड्राय ब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने, छान येतो. 1755 चं डच चर्च सकाळी आठपर्यंतच रंगवावं, नंतर रस्त्यावर गाड्या लागतात.

गॉलजवळच्या कोग्गलाच्या बाजूला कटलुवा गावात पूर्वाराम विहार हे बौद्ध मंदिर आहे, तिथे मात्र दोन सकाळी गेले. चपला बाहेर, टोपी हातात, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून बसायचं नाही, म्हणून कोपऱ्यात तिरकी बसून फक्त पेन्सिलीने स्केचेस केली. एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं, पट्ट्यापट्ट्यांनी सांगितलेल्या जातककथा (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी), मधेच युरोपीय पोशाखातली माणसं. लाल रंग इतका भरून की डोळे दिपतात. आणि सावली कुठेच नाही. माणूस उठून दिसतो तो काळ्या रेषेमुळे आणि शेजारच्या रंगामुळे. बाहेर दुपारी जे पाहत होते तेच आत भिंतीवर होतं. या चितारींनी रोज हेच ऊन पाहिलं असणार, असं मला तिथे मनापासून वाटलं. परंपरेचा भाग आहेच, पण मला ते उन्हाचंही वाटतं.

आता कागदाबद्दल, कारण तुमच्यातले बरेच जण दमट हवेत जाणार आहेत. पुण्यात एप्रिलमध्ये वॉश दोन-तीन मिनिटांत वाळतो. गॉलला सकाळी वीस मिनिटं कागद ओलसरच. वेट इन वेट, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडून केलेल्या ढगांना ते वरदान आहे. पण पडावाची दोरी काढायला गेलात की रेघ फुटते. मी दोन बोर्ड ठेवले, एक उन्हात वाळत आणि एकावर काम. पाणी निम्म्यावर आणलं, रंग दाट घेतला. जास्त दुखलं ते वेगळंच. निघताना एका दुकानातून 300 जीएसएमच्या जाड कागदाचा नवा गठ्ठा घेतला होता, त्यातल्या चार कागदांचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषू न देणारा लेप, गेलेलं निघालं. आकाशाचा वॉश दिला आणि ठिकठिकाणी टीपकागदासारखे ठिपके पडले. एक चांगली पहाट त्यात गेली. गठ्ठा घेतल्यावर प्रत्येक कागदाच्या कोपऱ्याला पाण्याचं एक बोट लावून बघा.

शेवटचे दोन दिवस किनाऱ्यावर, होड्यांसाठी. तिथली 'ओरू' बघत बसावी अशी असते: अरुंद, उंच अंगाची होडी, बाजूला दोन वाकड्या दांड्यांवर बांधलेला ओंडका. जोड काथ्याच्या दोरीने आवळलेले. ती गाठ मी तीनदा काढली, कारण दोरी कुठून वर येते ते कळल्याशिवाय ती खोटी दिसते. कोग्गलाला समुद्रात खांब रोवून त्यावर बसणारे मासेमारही आहेत. आता बरेच जण फोटोसाठी पैसे घेऊन बसतात, आणि ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांना मी नावं ठेवणार नाही. पैसे दिले आणि एक तास स्केच केलं.

परवा दुपारी ओरू रंगवताना एक म्हातारे कोळी आले. काही न बोलता माझा बोर्ड उचलून कोट्टम्ब्याखाली, म्हणजे आपल्या देशी बदामाखाली, नेऊन ठेवला. वर बोट दाखवून म्हणाले, "सेवण." सावली. मी म्हटलं, "हो मामा, सेवण." मामा हा शब्द त्यांच्याकडेही चालतो, ते खूश झाले. झाडाखालून पाहिलं तर ओरूच्या पोटाखाली वाळूचा उजेड पिवळा पेटलेला. भर उन्हात बसून तो मला दिसलाच नव्हता. कागद क्रमांक 20 तो आहे. त्याचा डावीकडचा समुद्र अजून राहिलाय, प्रवाळाच्या पट्टीवरचा हिरवा मला व्हिरिडियन हिरवा आणि सेरुलियन निळा मिसळून जमला नाही. घरी कोबाल्ट टर्क्वाइजने करून पाहीन.

14 मेच्या आसपास साडेबाराला मी पुण्यात मंडईसमोर बसणार आहे, तेव्हा सूर्य आपल्या डोक्यावर असेल. ज्यांना यायचंय त्यांनी छत्री आणि दोन बोर्ड आणा. दगडी इमारत आधी रंगवू नका, आधी जमीन बघा.