दापोली शाखेचा स्थानिक सर्व्हर : आतापर्यंतची प्रगती

पुण्यातील एका करसल्लागार स्नेह्यांच्या दापोली शाखेसाठी सर्व्हर उभारण्याचे काम आता बरेच मार्गी लागले आहे. तेथील ब्रॉडबँडला डाउनलोडसाठी 4 आणि अपलोडसाठी 1 एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद; 8 बिट म्हणजे 1 बाइट) एवढाच वेग मिळतो, म्हणजे स्कॅन केलेली 100 एमबीची फाइल पुण्याला पाठवायची तर लाइन पूर्ण मोकळी असतानाही 13 मिनिटांहून अधिक वेळ जातो. म्हणून मूळ फाइली शाखेतच ठेवायच्या आणि पुण्याला रात्री फक्त त्यांची प्रत पाठवायची, असे ठरवले.

यंत्राबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही : 8 जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, 2 टीबीच्या दोन डिस्कची रेड-1 जोडी (दोन्हींवर तोच मजकूर), डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली आणि त्यावर विंडोज संगणकांना फाइली वाटून देणारा सांबा.

वेब कॅशसाठी, म्हणजे एकदा उतरवलेली पाने साठवून पुन्हा देण्यासाठी, स्क्विड या सॉफ्टवेअरचा विचार मात्र सोडून दिला. आजची बहुतेक वाहतूक एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध, असल्यामुळे त्याला साठवण्याजोगे फारसे काही हाती लागत नाही, आणि स्वतःचे प्रमाणपत्र प्रत्येक संगणकावर बसवून ती वाहतूक उकलणे, तेही अशिलांची आर्थिक कागदपत्रे हाताळणाऱ्या कार्यालयात, मला प्रशस्त वाटत नाही. त्याऐवजी विंडोजमधील डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन सुरू केले, ज्यामुळे एका संगणकाने उतरवलेले अपडेट शेजारचे संगणक लॅनवरूनच (कार्यालयातील अंतर्गत जाळ्यावरून) घेऊ शकतात. आणि डीएनएससाठी, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधण्यासाठी, सर्व्हरवर अनबाउंड हे सॉफ्टवेअर बसवले.

खरा फरक पडला तो राउटरमुळे. कोणी मोठी जोडफाइल पाठवू लागले की सर्वांचे ब्राउझर ठप्प होत, आणि दोष नेहमी डाउनलोडच्या वेगाला दिला जाई. प्रत्यक्षात तुंबत होती ती अपलोडची रांग : मोडेमच्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) 128 केबी (किलोबाइट) माहिती साचली तरी 1 एमबीपीएसच्या लाइनवर ती रिकामी व्हायला सुमारे एक सेकंद लागतो, आणि तेवढा वेळ दुसऱ्याची छोटीशी विनंतीही मागे ताटकळते. राउटरवरील ओपनडब्ल्यूआरटी या प्रणालीत केक हा रांग-नियंत्रक लावून अपलोडची मर्यादा 850 केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) ठेवली, म्हणजे रांग मोडेमऐवजी राउटरमध्ये लागते आणि तिथे प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट मिळते. वेगाचा थोडा भाग जाणीवपूर्वक सोडल्यावर लाइन चपळ वाटू लागते, हे कार्यालयातील मंडळींना पटवणेच अधिक अवघड गेले!

रात्रीच्या प्रतीसाठी आरसिंक हे फाइली पाठवणारे साधन वापरतो. तो जुन्या आणि नव्या फाइलमधील बदललेले तुकडेच पाठवतो. परंतु कार्यालयात दिवसाअखेरीस सगळा फोल्डर झिप करून ठेवण्याची पद्धत होती, आणि झिपमधल्या एखाद्या फाइलमध्ये सुरुवातीलाच बदल झाला तरी तिचा पुढचा दाबलेला मजकूर वेगळा होत असल्याने आरसिंकच्या या युक्तीचा फायदा जवळजवळ संपतो. आता फोल्डर उघडाच पाठवतो, दाबण्याचे काम वाटेत आरसिंककडूनच करून घेतो आणि अर्धवट राहिलेली फाइल जपून ठेवण्याचा पर्याय चालू ठेवतो, कारण पावसाळ्यात लाइन मध्येच तुटणे तिथे नित्याचेच आहे.

एक प्रश्न उरला आहे. पुण्यातील कोणी तीच फाइल बदलली तर रात्रीची प्रत तो बदल पुसून टाकेल. दुतर्फा समक्रमणापेक्षा प्रत्येक अशिलाच्या फोल्डरची मालकी एकाच कार्यालयाकडे ठेवून दुसरीकडची प्रत केवळ वाचण्यापुरती ठेवणे मला अधिक सुरक्षित वाटते. सांबामध्ये तशा परवानग्या लावण्याचे काम पुढच्या खेपेस हाती घेणार आहे.